सोबत देणारे ॲप : तीन महिन्यांच्या वापरानंतर

मानसिक आरोग्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका ॲपचे सशुल्क सभासदत्व मी तीन महिने वापरले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारी एका कंपनीपुरत्या नाहीत. याच धाटणीची आणखी दोन ॲप्स मी चाळून पाहिली, तेव्हा त्यांची रचना, भाषा, इतकेच काय पण रंगसंगतीही जवळपास सारखीच निघाली. या ॲपमध्ये चार गोष्टी मिळतात : २४ तास उत्तर देणारा यांत्रिक 'सोबती', दर पंधरवड्याला भरायची प्रश्नावली, रोजच्या कृतींची नोंदवही आणि महिन्यातून एकदा समुपदेशकाबरोबर व्हिडिओवर होणारे ४५ मिनिटांचे सत्र. जाहिरातीत या चारही गोष्टींची मोट 'एकटेपणा आणि नैराश्य यांवर एकच उपाय' अशा एका ओळीत बांधलेली आहे, आणि माझा पहिला आक्षेप त्या ओळीलाच आहे.

हा आक्षेप घेण्याचा थोडा अधिकार मला आहे असे वाटते. सहा वर्षांपूर्वी मला नैराश्याचे निदान झाले होते आणि औषधे व मानसोपचार या दोन्हींच्या आधाराने त्यातून बाहेर यायला सव्वा वर्ष लागले. या खेपेला तसे काही नव्हते. घरून काम सुरू होऊन दोन वर्षे झाली होती, मुलगी शिक्षणासाठी दूर गेली होती, जवळचे दोन मित्र एकाच वर्षात गाव सोडून गेले होते, आणि एका रविवारी रात्री माझ्या लक्षात आले की शुक्रवारी संध्याकाळी कामाचा शेवटचा फोन ठेवल्यापासून आपण मोठ्याने एक शब्दही उच्चारलेला नाही. झोप लागत होती, भूक होती, कामात लक्ष होते. फक्त करमत नव्हते. हे दोन अनुभव बाहेरून सारखे दिसतात, पण भोगणाऱ्याला त्यांतला फरक चांगला कळतो. एकाकी माणसाला फोन वाजावा असे वाटत असते; नैराश्यात तो वाजू नये, आणि वाजलाच तर आपण उचलण्याआधी थांबावा असे वाटते. लांबलेला एकाकीपणा नैराश्याच्या वाटेवर नेऊ शकतो आणि नैराश्यात माणूस आपणहून माणसे तोडतो, हे खरे असले तरी पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. खुद्द एकाकीपणातही पोटभेद आहेत. रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच दाखवून दिले होते की एखाद्या जिवलग माणसाची उणीव आणि एकूण गोतावळ्याची उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीची भरपाई दुसरीने होत नाही. मला कमी पडत होता तो गोतावळा.

ॲप उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर नऊ प्रश्नांची प्रश्नावली येते. डॉक्टरांच्या खोलीत मी ती पूर्वी भरलेली असल्यामुळे लगेच ओळखली. २००१ पासून जगभर वापरात असलेली ही पीएचक्यू-९ नावाची चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत गोष्टींतला रस कमी झाला का, झोप बिघडली का, थकवा वाटतो का, स्वतःविषयी कमीपणा वाटतो का, अशा प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात आणि बेरीज ० ते २७ यांच्यामध्ये कुठेतरी येते. १० किंवा त्याहून अधिक गुण आले, तर डॉक्टरांनी अधिक खोलात जाऊन पाहावे असा सर्वसाधारण संकेत आहे. चाचणी उत्तम आहे, फुकट उपलब्ध आहे आणि ॲपने ती जशीच्या तशी वापरली हे चांगलेच केले. ती चाळणी आहे, निदान नव्हे, हेही बारीक अक्षरांत का होईना, लिहिलेले आहे. थायरॉइडचे काम मंदावले किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी माणूस असाच थकतो आणि उदास दिसतो, तेव्हा ही सूचना एवढ्या बारीक अक्षरांत असायला नको होती.

माझे गुण आले ४. पडद्यावर एक हसरा सूर्य उगवला आणि 'तुमची मनःस्थिती छान आहे' असे वाक्य झळकले. चार गुण म्हणजे नैराश्य जवळपास नाही, हे शास्त्राला धरूनच होते. पण ज्या तक्रारीसाठी मी पैसे भरले होते ती मला कोणी विचारलीच नाही. एकाकीपणा मोजता येत नाही म्हणून ती विचारली नसेल, असे म्हणावे तर तेही खरे नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात १९७८ साली तयार झालेली २० विधानांची मोजपट्टी आजही वापरली जाते, आणि २००४ मध्ये तिचे अवघ्या तीन प्रश्नांत संक्षिप्त रूपही झाले : सोबतीची उणीव किती वेळा जाणवते, आपल्याला वगळले गेल्यासारखे किती वेळा वाटते, इतरांपासून तुटल्यासारखे किती वेळा वाटते. तीन प्रश्न, अर्धे मिनिट. एकटेपणावर उपाय म्हणून स्वतःला विकणाऱ्या वस्तूत एवढी जागा नसावी, याचा अर्थ बनवणाऱ्यांनी नैराश्याचे साधन आधी तयार केले आणि बाजारात एकटेपणाची चर्चा वाढल्यावर पाटीवर तो शब्द जोडला, असाच मी लावतो. चर्चा वाढली आहे हे नाकारता येणार नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या प्रश्नाची जबाबदारी मंत्र्याकडे सोपवली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणाने ग्रासल्याचे म्हटले आहे.

नवव्या प्रश्नाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. तो प्रश्न जगणे नकोसे होण्याच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीचा आहे. दुसऱ्या पंधरवड्यात मी त्याला मुद्दाम, परीक्षण म्हणून, 'काही दिवस' असे उत्तर दिले. ॲपने लगेच एक शांत रंगाचे पान उघडले, 'तुम्ही एकटे नाही' असे सांगितले आणि एका मदतवाहिनीचा क्रमांक दिला. तो मी राहतो त्या देशातला नव्हता. मी कुठे आहे हे ॲपला ठाऊक होते, कारण सभासदत्वाची पावती त्याने माझ्या देशाच्या चलनात दिली होती. ते पान मिटल्यावर पुढचा पडदा वार्षिक सभासदत्वावरील सवलतीचा होता. मी तक्रार केली, आठवड्याने दिलगिरीचे पत्र आले, आणि मी सभासद असेपर्यंत तरी क्रमांक तोच होता. या एका बाबीवर मी कसलीही सवलत द्यायला तयार नाही. असे विचार खरोखर येत असतील त्याने कोणत्याही ॲपवर विसंबून राहू नये. घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाला त्याच दिवशी सांगावे, डॉक्टरांना गाठावे आणि आपल्या भागातल्या मदतवाहिनीचा क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवावा.

आता यांत्रिक सोबत्याविषयी. जाहिरातीचा सगळा भर त्याच्यावर आहे आणि माझाही सर्वांत जास्त वेळ त्याच्यापाशी गेला. ॲप मराठीत चालते असा दावा आहे आणि व्याकरणापुरता तो खरा आहे. पहिल्या रात्री मी लिहिले, 'आज दिवसभर कोणाशी बोललो नाही.' उत्तर आले, 'आज दिवसभर तुम्ही कोणाशी बोलला नाहीत, हे ऐकून वाईट वाटले. त्या वेळी तुमच्या मनात काय येत होते?' मी लिहिले, 'काही नाही, करमत नव्हते.' त्यावर, 'कंटाळा येणे स्वाभाविक आहे. एखादा नवा छंद शिकून पाहायला आवडेल का?' येथे मला थांबावे लागले. कंटाळा कामाचा येतो, वाट पाहण्याचा येतो, तेच तेच ऐकण्याचा येतो. न करमण्यात मात्र कोणीतरी गेलेले असते किंवा कुठले तरी ठिकाण सुटलेले असते, आणि हातात दहा उद्योग असतानाही करमत नाही असे होऊ शकते. याच क्रियापदापासून झालेला 'करमणूक' हा शब्द आपण तमाशापासून दूरचित्रवाणीपर्यंत सगळ्याला वापरतो, आणि यंत्रानेही नेमकी तीच गल्लत केली : न करमण्यावर करमणूक पुढे केली. पुढच्या तीन महिन्यांत मी तो शब्द निरनिराळ्या वाक्यांत अकरा वेळा वापरून पाहिला, आणि तो बरोबर समजला गेला दोनदा.

भाषेची अडचण उद्या सुधारेल, पण खालची अडचण जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' नावाची संगणकीय आज्ञावली लोकांसमोर ठेवली होती. ती समोरच्याचेच वाक्य उलटवून त्याला प्रश्न विचारत असे. हे नुसते शब्दांचे यंत्र आहे हे पूर्ण ठाऊक असलेल्या त्यांच्या स्वतःच्या चिटणीस बाईंनी काही वेळ त्याच्याशी संभाषण केल्यावर वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले, ही हकीकत त्यांनी नंतर नोंदवून ठेवली आहे. आजची यंत्रे त्या आज्ञावलीच्या कितीतरी पुढे गेली आहेत, परंतु माझ्या सोबत्याची खोड तीच होती. तो माझे ऐकत होता, माझ्याच शब्दांना इस्त्री करून परत देत होता आणि त्याला स्वतःचे असे काहीच सांगायचे नव्हते. मित्राला फोन केल्यावर आपली रड पाच मिनिटांत संपते आणि पुढची वीस मिनिटे त्याच्या वरिष्ठांची कागाळी ऐकण्यात जातात. त्या वीस मिनिटांत आपण कोणाच्या तरी उपयोगी पडत असतो. या सोबत्याच्या उपयोगी पडण्याची सोयच नव्हती. तो कधी घाईत नसे, कधी चुकत नसे, कधी रागावत नसे, आणि मी चार ओळींचे दुःख लिहिल्यावर दोन सेकंदांत उत्तर देत असे. एवढ्या लवकर आलेल्या सहानुभूतीवर माझा तरी विश्वास बसत नाही.

त्याचे श्रेय मात्र बुडवायला नको. रात्री दोन वाजता कोणाला उठवावे हा संकोच त्याच्यापाशी नसतो. वडिलांच्या शेवटच्या आजारपणाविषयीची एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती, ती त्याला लिहिताना मला पहिल्यांदा शब्दांत मांडता आली. त्यातला 'विचार तपासा' हा भागही कामाचा आहे. एका जुन्या सहकाऱ्याने माझा संदेश वाचल्याची खूण दिसत होती आणि दोन दिवस उत्तर नव्हते. माझ्या मनाने निकाल लावून टाकला होता की आपण त्याला आता नकोसे झालो. ॲपने या निकालाच्या बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा पुरावा दोन रकान्यांत लिहायला लावले, तेव्हा बाजूच्या रकान्यात लिहिण्यासारखे माझ्याकडे काहीच निघाले नाही. एकाकी माणूस नकाराच्या चाहुलीला फार टपून बसतो आणि त्यामुळे आणखी मागे सरकतो, हे या विषयाच्या अभ्यासकांचे जुने निरीक्षण आहे. निरनिराळ्या उपायांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०११ मधील एका संशोधनात, नुसत्या गाठीभेटी वाढवण्यापेक्षा ही विचारांची सवय दुरुस्त करणारे उपाय अधिक परिणामकारक ठरले होते. ॲपमधला हा भाग तीन पडदे आत दडवून ठेवलेला आहे आणि दारात उभा केला आहे तो गोड बोलणारा सोबती.

ॲप रोज उघडल्यास ज्योत पेटते आणि सलग दिवस मोजले जातात. माझी साखळी तेविसाव्या दिवशी तुटली, तेव्हा विझलेली ज्योत आणि 'आम्हाला तुमची आठवण आली' असा निरोप आला. मला हसू आले. सहा वर्षांपूर्वीच्या मला हसू आले नसते. आपण निकामी आहोत, कोणतीच गोष्ट धड पार पाडत नाही, ही भावना नैराश्याच्या लक्षणांतच मोडते, आणि त्याच ॲपच्या प्रश्नावलीत सहावा प्रश्न तिच्याविषयी आहे. अंथरुणातून उठणे हेच ज्याचे त्या दिवसाचे काम आहे त्याला विझलेली ज्योत दाखवायची युक्ती कोणा मानसोपचारतज्ज्ञाच्या डोक्यातून निघाली असेल असे वाटत नाही.

सर्वांत कोरडी आणि दिसायला सर्वांत गरीब अशी कृतींची नोंदवही हीच या ॲपमधली खरी मोलाची वस्तू आहे. रात्री झोपण्यापूर्वी उद्याची एक लहानशी कृती लिहायची आणि तिच्यातून किती बरे वाटेल याचा ० ते १० असा अंदाज द्यायचा. दुसऱ्या दिवशी ती केल्यावर प्रत्यक्ष किती बरे वाटले तो आकडा शेजारी लिहायचा. यामागचे तत्त्व १९७० च्या दशकात पीटर लेविनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या कामातून पुढे आले. उत्साह आल्यावर काम करू म्हणून माणूस वाट पाहत बसतो, पण उत्साह बहुधा कामाच्या मागून येतो, असे ते तत्त्व थोडक्यात सांगता येईल. नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर नैराश्यावरच्या संपूर्ण बोधात्मक उपचाराइतकाच, म्हणजे विचारांची सवय बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराइतकाच, गुण त्यातल्या या नुसत्या कृतीच्या भागाने आलेला दिसला. माझ्या वहीतल्या काही नोंदी अशा आहेत. 'सकाळी अर्धा तास चालणे' : अंदाज ५, प्रत्यक्ष ५. 'कपाट आवरणे' : अंदाज ४, प्रत्यक्ष २. 'वरच्या मजल्यावरच्या आजोबांना जिन्यातला दिवा बदलून देणे' : अंदाज २, प्रत्यक्ष ८. 'उत्तर न देणाऱ्या त्या सहकाऱ्याला सरळ फोन लावणे' : अंदाज १, प्रत्यक्ष ७. त्याचा फोन दुरुस्तीला गेला होता आणि माझा संदेश त्याच्या मुलाने उघडला होता.

महिनाभराने तो तक्ता उभा वाचला, तेव्हा ज्या ओळीत दुसऱ्या माणसाचा संबंध होता तिथे माझा अंदाज जवळपास प्रत्येक वेळी खाली होता, आणि ज्या ओळीत मी एकटा होतो तिथे तो बरोबर किंवा वर होता. ही गोष्ट ॲपने स्वतःहून दाखवली नाही. त्याने आलेख काढला, सरासरी काढली, गुलाबी रंगात रंगवली. पण कोणती ओळ कोणाबरोबरची हे विचारणारा रकानाच तिथे नाही. मी पेन्सिलीने कागदावर तो तक्ता उतरवून घेतला आणि माणसांच्या ओळींपुढे फुल्या मारल्या. सगळी आकडेमोड हाताशी असलेल्या यंत्राला हे सुचू नये, याचे आश्चर्य वाटते; कदाचित माणसे भेटू लागली की ॲप कमी उघडले जाते, हेही कारण असेल. हा माझा संशय आहे, पुरावा नाही.

समुपदेशकांची तीन सत्रे झाली. पहिल्या सत्रातल्या बाई तरुण होत्या, आवाज थोडा घोगरा होता आणि मधून मधून पलीकडे दार वाजत होते. विसाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, 'तुम्ही मघापासून तिसऱ्यांदा म्हणालात, तसं काही विशेष नाही. विशेष असायलाच हवं का?' यंत्राशी तीन आठवडे बोलून जे झाले नव्हते ते या एका प्रश्नाने झाले. सभासदत्वाचे पैसे वसूल झाले असतील तर त्या क्षणी. दुर्दैवाने दुसऱ्या महिन्यात वेगळे समुपदेशक आले, तिसऱ्यात आणखी वेगळे, आणि प्रत्येक वेळी मुलीपासून मित्रांपर्यंतची सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. तीच व्यक्ती पुन्हा मिळेल का, असे विचारल्यावर 'उपलब्धतेनुसार' हे उत्तर मिळाले. एकाकीपणाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला दर महिन्याला अनोळखी चेहरा देणे हा या सेवेतला सर्वांत मोठा विनोद आहे.

किरकोळ बाबी भराभर सांगतो. पहिल्या पानावर 'एकटेपणा म्हणजे दिवसाला १५ सिगारेटी' अशी धमकी आहे. तिचा उगम ज्या २०१० मधील संशोधनाकडे जातो त्यात १४८ अभ्यास आणि ३ लाखांहून अधिक माणसे होती, आणि बळकट नातेसंबंध असलेल्यांची तग धरण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक आढळली होती. पण त्यात विवाहापासून सामाजिक सहभागापर्यंत सगळेच नातेसंबंध मोजलेले होते, एकटे वाटण्याची भावना तेवढी नव्हे. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवून सभासद करून घेणे मला रुचले नाही. माहितीच्या गोपनीयतेची पाने मी पूर्ण वाचली आणि प्रत्येकाने वाचावीत, कारण बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची संवेदनशील माहिती जाहिरातीसाठी इतर कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये तिच्यावर कारवाई केली आणि प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटले. शिवाय यांत्रिक सोबती कंपनीच्या मर्जीवर जगतो. वोबॉट हा या क्षेत्रातला नावाजलेला संवादी कार्यक्रम. २०१७ मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली होती आणि ३० जून २०२५ रोजी त्याचे ॲप बंद करण्यात आले.

नैराश्याची लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली असतील त्याने हे ॲप डॉक्टरांऐवजी घेऊ नये. डॉक्टरांचे उपचार चालू असताना कृतींची नोंद ठेवायला ते जरूर उपयोगी पडेल, फक्त ज्योत आणि आठवणीचे निरोप आधी बंद करावेत, ती सोय 'इतर सूचना' या भागात आहे. माझ्यासारखे ज्यांचे दुखणे गोतावळ्याचे आहे त्यांना नोंदवही आणि 'विचार तपासा' एवढे दोनच भाग पुरेत. यांत्रिक सोबत्यासाठी म्हणून कोणी सभासदत्व घेणार असेल, तर मी ते सुचवणार नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर नोंदवहीला चार, समुपदेशनाला तीन, सोबत्याला दीड आणि नवव्या प्रश्नाच्या हाताळणीला शून्य.

तिसरा महिना संपताना मी नूतनीकरण रद्द केले. 'जाण्यापूर्वी कारण सांगाल का?' असे विचारून ॲपने यादी पुढे केली : महाग वाटते, वेळ मिळत नाही, तांत्रिक अडचण आली, अपेक्षित फायदा झाला नाही, दुसरे ॲप वापरणार आहे. फायदा झाला म्हणून थांबतो आहे, असा पर्याय त्यात नव्हता. मी 'इतर' निवडले आणि खालच्या चौकटीत लिहिले की संध्याकाळी सहकारी घरी येणार आहे.